परत धाडलेली हळद

वस्तीत हळद आणली कोणी, तर शालूबाईनं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्यावरनं तिला कुणी हेकट, सोवळी, मडमेच्या हाताखाली वाळलेली बाई म्हणायला नको. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उताराला आमची ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीत शालूबाईएवढा मोठा आवाज कुणाचा नव्हता. मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ती आया होती. कळा देणाऱ्या बायकांच्या वर आवाज काढून काढून तिचा आवाजच तसला झाला होता. ती नुसतं 'चहा घेता का' म्हणाली तरी नवखा माणूस दचकायचा.

तिच्या स्वतःच्या लग्नाला हळद लागली नव्हती. तेव्हा मिशनच्या गोऱ्या मडमेचं राज्य. हळद म्हणजे देवीदेवतांचं खूळ, असं मडमेचं मत, आणि मडमेचं मत ते देवाचं मत. शालूबाई बिचारी पांढऱ्या लुगड्यात कोरडी ठणठणीत नवरी होऊन उभी राहिली. पुढं मडम गेली, आपल्यातले पाळक आले, तरी मंडळीत हळदीचं नाव काढायची चोरीच होती. शेवटी महिला मंडळात ही बाई उभी राहिली आणि म्हणाली, हळद रानात उगवते, रान देवानं केलं, मग त्यात सैतान शिरला कुठनं ते मला कुणीतरी दाखवा. पाळकसाहेब हसले. म्हणाले, बाईंचं बरोबर आहे. हळदीनं आपण बाटत नाही, आणि हळदीवाचून आपलं अडतही नाही. आपण मोकळे आहोत. त्या दिवसापासनं वस्तीतल्या पोरींना हळद लागायला लागली.

शालूबाईला एकच लेक, सुवार्ता. नवरा काविळीनं गेला तेव्हा पोर चार वर्षांची होती. मायलेकींचं तेव्हापासनं ठरलेलं, की सुवार्ताच्या लग्नात हळद अशी लावायची की आठ दिवस नखातनं निघता कामा नये. पोरगी बालवाडीवर शिकवायला लागली आणि पहिल्या पगारात तिनं काय आणलं असेल, तर हळदीला नेसायचं पिवळं लुगडं. लग्नाचा पत्ता नाही आणि लुगडं तयार! शेजारणींनी चिडवून चिडवून तिला नको केलं होतं.

आणि त्याच घरात झुंबरबाई राहायची.

ही झुंबरबाई जोगतीण होती. सात वर्षांची असताना आईबापानं नवस फेडायचा म्हणून तिला अंगभर हळद लावली, हिरवं नेसवलं आणि यल्लम्माला सोडली. सोडली म्हणजे कायमची. लग्न नाही, घर नाही. पस्तीस वर्षं डोक्यावर जट, हातात परडी, कपाळभर भंडारा, आणि दारोदार जोगवा. भंडारा म्हणजे तरी काय, तीच हळद, देवीच्या नावाची. पोटात गाठ झाली तेव्हा कुणीतरी तिला मिशनच्या दवाखान्याच्या पायरीवर आणून टाकलं. जटेखाली जखम चिघळलेली, त्यात किडे. डॉक्टर म्हणाले, जट कापा. पण कापायची कुणी? जट कापणाऱ्याच्या घरावर देवी उलटते, हे चांगल्या शिकलेल्या नर्सांच्यासुद्धा मनात बसलेलं. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. शालूबाईनं कात्री घेतली.

झुंबरबाई तिला म्हणाली, "अक्का, ती तुझ्या घरावर कोपंल."

"कोपू दे की. आमी बघून घेतो."

गाठ निघाली, बाई वाचली, पण बोडक्या डोक्याची जोगतीण जाणार कुठं? शालूबाईनं तिला आपल्या दोन खोल्यांत आणलं. दवाखान्याच्या भटारखान्यात भांडी घासायला लावलं. वर्षानं तिचा बाप्तिस्मा झाला. वस्तीत सगळ्यांना वाटलं, झालं, सुटली बाई.

सुटली कुठली! दिवसा हसायची, खेळायची, पण निजताना दिवा विझवू द्यायची नाही. अंधारात ती, यल्लम्मा, येऊन उशाला बसते म्हणायची. कालवणातली हळद चालायची, ती पोटात जाते, कपाळावर बसत नाही, असा तिचा हिशेब. पण कोरडी हळद नजरेला पडली की हातपाय गार पडायचे. आणि नेमकं शेजारच्या धोंडुबाईच्या लेकीचं लग्न निघालं. झुंबरबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. समोर बायकांनी नवरीला पाटावर बसवली आणि गालाला हळद लावली. तांदळाचं सूप उडालं. झुंबरबाई घुमायला लागली, तिच्या तोंडातनं कुणातरी दुसऱ्याचाच आवाज यायला लागला, आणि ती अनवाणी पळत सुटली. नऊ दिवस पत्ता नाही. शालूबाईनं रजा टाकून सगळं कोल्हापूर पालथं घातलं, तेव्हा ओढ्यापलीकडच्या यल्लम्माच्या देवळाबाहेर ती सापडली. हातात कुणाची तरी परडी, कपाळ पिवळंधमक.

"अक्का, तुमच्यातबी ती हाय," ती म्हणाली. "मग मी पळून जाऊ कुठं?"

शालूबाईनं पदरानं तिचं कपाळ पुसलं. तिला परत आणली, पण दोन महिने बाई जेवायला बसली की भिंतीकडं तोंड करून बसायची. पाळकसाहेब म्हणाले, परत एकदा असं झालं तर ही हाताला लागायची नाही. शालूबाईला त्या दिवसापासनं एकच गोष्ट खायला लागली. वस्तीत हळद तिनं आणली होती. तिचं म्हणणं खरं होतं, अजूनही खरंच होतं, आणि त्या खऱ्याच्या धक्क्यानं झुंबरबाई रस्त्यावर गेली होती. आपण खरे असलो म्हणजे दुसऱ्याचं भलं होतंच असं नाही, हे त्या बाईला पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि कळून वळवायचं कसं तेही कळेना.

आणि मग पंच्याहत्तर साली सुवार्ताचं लग्न ठरलं. नवरा सयाजी, हातकणंगल्याच्या शाळेत मास्तर, गरीब स्वभावाचा. सासू बनाबाई मात्र तालेवार. तेही ख्रिस्तीच, पण बनाबाईला लग्न म्हणजे सगळं रीतसर लागायचं. नवऱ्याला हळद लागल्यावर त्याची उष्टी हळद आपण स्वतः पाच सवाष्णींसंगं घेऊन येणार आणि आपल्या हातानं सुनेला लावणार, हे तिनं सुपारीच्या दिवशीच बजावून ठेवलं.

शालूबाईनं आधी साधी वाट काढली. झुंबरबाईला दोन दिवस कबनूरला, ओळखीच्या एका ख्रिस्ती घरात पाठवायचं. हळद होऊन गेली की आणायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. तिनं झुंबरबाईला तसं सांगितलं. झुंबरबाईनं एका शब्दानं विचारलं नाही. आपलं गाठोडं बांधलं, दारात आली, चप्पल घातली आणि म्हणाली, "ती येणार हाय न्हवं घरात? म्हणून मला भाइर काढतीस. मला कळतंय की. तुजा इलाज न्हाय."

शालूबाईनं तिच्या हातातनं गाठोडं काढून घेतलं. ते तिथंच दारात बसून सोडलं. ज्या बाईला सातव्या वर्षी हळद लावून घराबाहेर काढली, तिला आपण हळद लावायची म्हणून घराबाहेर काढत होतो. हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तिनं सुवार्ताला सांगितलं. कसं सांगितलं असेल देव जाणे. आपल्याला हळद लावायची पूर्ण मोकळीक आहे, लेकी, पण ती मोकळीक झुंबरच्या गळ्याला फास होते. ती माझ्या भरवशावर जट कापून बसली आहे. आपली हौस सोडली तर आपण मरत नाही, ती मात्र मरेल. असंच काहीतरी.

सुवार्तानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी तुझी सख्खी लेक. ती कोण?"

पोरगी रडली, जेवली नाही. सकाळी मात्र उठून आपण होऊन आईजवळ आली. पिवळं लुगडं तिनं ट्रंकेच्या तळाला घालून टाकलं होतं. म्हणाली, नको लावायला हळद, पण सासूबाईंना तूच सांग, मला धीर नाही. एवढ्या गुणाची पोर होती ती!

निरोप धाडायला सवडच उरली नाही, त्याच दिवशी दुपारी बनाबाई सवाष्णी आणि वाजंत्री घेऊन आली. पितळेच्या वाटीत उष्टी हळद, वर आंब्याची पानं. शालूबाई पुढं धावली. वाजंत्री कोपऱ्यावरच थांबवली आणि वाटीवर आपला पदर टाकला. मागच्या खोलीत झुंबरबाई पुऱ्या लाटत बसली होती. दारातच, हलक्या आवाजात, जन्मात पहिल्यांदा हलक्या आवाजात, शालूबाईनं विहिणीला सगळं खरं सांगितलं आणि हात जोडले. हळद माघारी न्या म्हणाली, मी तुमच्या पाया पडते म्हणाली.

खरं सांगितलं तीच चूक झाली. काहीतरी थाप मारली असती तर कदाचित निभावलं असतं. बनाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एका जोगतिणीपायी माझ्या पोराची हळद परत?"

सवाष्णी मागं फिरल्या. पाळकसाहेब मधे पडले, सयाजी आईच्या विनवण्या करत राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी लग्न लागलं एवढंच. सुवार्ता कोरड्या गालांनी मंडपात उभी राहिली, आईसारखीच. शालूबाईनं वस्तीतल्या एकूण एक बायकांना शपथ घातली, की यातलं अक्षर झुंबरच्या कानावर जाता कामा नये. आणि वस्तीनं ती पाळली. आमच्या वस्तीत पोटात पाणी ठरत नाही, पण हे ठरलं.

लग्नाच्या रात्री झुंबरबाई शालूबाईजवळ आली. म्हणाली, मी दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघत होते, तुझ्या घरात ती आली नाही. आणि तिनं आपल्या हातानं दिवा विझवला. त्या दिवसापासनं बाई माणसात आली. वर्षभरात तिचं अंग भरलं, डोक्यावरचे केस दाट झाले. भटारखान्यात तिच्या हाताखाली दोन पोरी आल्या. एक दिवस शालूबाई बघते तर ही बाई उखळात हळकुंडं कुटतेय, केसाला, नाकाला, पापण्यांना सगळीकडं हळद, आणि पोरींना सांगतेय की जरा बारीक कुटा गं. शालूबाई भिंतीआड जाऊन रडली. आनंदानं रडली की कशानं, ते तिचं तिला ठाऊक.

इकडं हातकणंगल्याला सुवार्ताचं काय चाललं होतं? पत्रात एकच ओळ, मी बरी आहे, काळजी करू नये. बनाबाई तिला नावानं हाक मारायची नाही. आल्यागेल्याला सांगताना 'बिनहळदीची' म्हणायची. पाणी आण गं बिनहळदीचे. हे शालूबाईला फार उशिरा कळलं, कारण पोरगी माहेरी यायचीच नाही, पाठवायचेच नाहीत. मास्तर आईपुढं ब्र काढत नव्हता.

सुवार्ताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही जगाची रीत, आणि इथं तर माहेरची आईच बाळंतिणींच्या वॉर्डात. सातव्या महिन्यात शालूबाई लेकीला आणायला गेली. बनाबाईनं तिला ओट्याच्या वर चढू दिलं नाही. ज्या दारातनं आमची हळद परत आली त्या दारात आमचं बाळंतपण होणार नाही, म्हणाली. शालूबाईनं सगळा मान गुंडाळून ठेवला. हळद आज लावा, इथंच लावा, साऱ्या गावाला बोलावून लावा, मी माझ्या हातानं कुटून आणते, म्हणाली. बनाबाई हसली. शिळ्या हळदीनं काय होतंय, म्हणाली.

सुवार्ता चौकटीला धरून उभी होती. पोट पुढं आलेलं, बाकी अंगावर मांस नाही. ती म्हणाली, "आई, जा तू. मी बरी हाय." आणि एकदम खाली वाकून, सासूच्या देखत, आईच्या तोंडावरनं हात फिरवला. शालूबाई स्टेशनवर आली, गाडीत बसली, आणि कोल्हापूर येईपर्यंत गाल धरून बसली होती.

दिवस भरले, आणि एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला दवाखान्याच्या फाटकात उसाचा ट्रक येऊन थांबला. शालूबाई ड्युटीवर होती. ट्रक म्हटल्यावर सवयीनं स्ट्रेचर घेऊन धावली. ट्रकात सुवार्ता होती. दोन दिवस सुईणीच्या हातात ठेवली होती पोरीला. मूल पोटातच गेलं होतं. रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी काही करायचं ठेवलं नाही, वॉर्डातल्या नर्सांनी आपलं रक्त दिलं. तीस वर्षांत शेकडो बायकांना 'घाबरू नगो, मी हाय' म्हणालेली शालूबाई लेकीच्या कानाशी तेच म्हणत राहिली. सुवार्तानं ऐकलं का नाही माहीत नाही. पाचाच्या आत ती गेली. वय तेवीस.

मूठमातीला हातकणंगल्याची माणसं आली. मास्तर जमिनीवर डोकं आपटून घेत होता. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, माती पडली, आणि बनाबाई सगळ्यांच्या देखत शालूबाईला म्हणाली, "हळद परत धाडलीस, तवाच लेकीचं सौभाग्य परत धाडलंस तू." धोंडुबाई वाघिणीसारखी पुढं झाली आणि तिनं बनाबाईला हाताला धरून लांब नेली, नाहीतर पुढचा शब्द कुणाचं नाव घेऊन आला असता ते सगळ्या वस्तीला माहीत होतं.

पण झुंबरबाईनं तेवढं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं शालूबाईला पाणी दिलं, पायाशी बसली, पाय चेपायला लागली. मग झुंबरबाईनं विचारलं, "अक्का, हळद आलती? सुवाच्या लग्नात?"

"आलती."

"मग परत का केलीस?" पायावरचा हात थांबला. "माज्यापायी न्हवं न्हवं?"

बघा आता. पोटची पोर मातीत घालून दोन तास झालेले नाहीत. छातीत असा डोंब, की कुणावर तरी ओरडावं, कुणाचा तरी गळा धरावा. आणि ज्या बाईसाठी हे सगळं झालं ती पायाशी बसून आपल्या तोंडानं विचारतेय. एक 'व्हय' म्हणायचं होतं. तेवढा हक्क शालूबाईचा नव्हता असं कोण म्हणेल? मी तरी नाही म्हणणार. शालूबाईनं तोंड उघडलं आणि झुंबरबाईच्या डोळ्यात बघितलं. तिथं ती जुनी भीती उठून बसत होती. 'व्हय' म्हटलं असतं तर त्या बाईनं एकच अर्थ लावला असता, की देवीनं माझा बदला पोरीवर काढला. उजाडायच्या आत ती ओढ्यापलीकडं गेली असती. मग लेक पण गेली आणि जिच्यासाठी गेली तीही गेली.

"तुज्यापायी कशाला?" शालूबाई म्हणाली. "मलाच नको वाटली हळद."

झुंबरबाईला ते पटलं. पाय पुन्हा चेपायला लागली. थोड्या वेळानं तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिला शालूबाईचा राग आला. खराखुरा, घरच्या माणसाचा राग.

"असं कसं केलंस गं अक्का? एवढी हौस पोरीची! लुगडं आणून ठेवलतं तिनं. निस्ती हळद ती, काय बिघडलं असतं लावली असतीस तर?"

शालूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"व्हय बाई," ती म्हणाली. "चुकलंच माजं."